तुम्ही विचारलंत म्हणून: "मग नॅचरल का नाही वापरत?"

हा प्रश्न मला लोकांनी ऑफिसात विचारलाय, हळदीकुंकवाला विचारलाय, लिफ्टमध्ये विचारलाय आणि एकदा तर बँकेच्या रांगेतसुद्धा. वासाची क्रीम, अत्तर असलं काही लावलं की माझ्या त्वचेला अॅलर्जी होते हे आता ओळखीतल्या सगळ्यांना माहितीये, ते परत सांगत बसत नाही. पण अत्तरदाणी पुढे आली आणि मी हात मागे घेतला की समोरून ठरलेलं येतं, "अगं ते केमिकलवालं सोड ना, नॅचरल वापर, गुलाबजल, लॅव्हेंडर, घरचं उटणं." आणि चेहऱ्यावर असा भाव की एवढी साधी गोष्ट हिच्या डोक्यात आली कशी नाही.

आली होती हो. सगळ्यात आधी तीच आली होती.

किंबहुना काही वर्षांपूर्वी मीच ही बाजू तावातावाने मांडायचे. कृत्रिम सुगंध म्हणजे विष, बाटलीवर नुसतं 'परफ्यूम' लिहिलंय म्हणजे नक्की काहीतरी लपवतायत, असले मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकणारी मीच. त्या बाईशी माझं अजून भांडण मिटलेलं नाही, आणि वैताग याचा की तिचं सगळंच खोटं नव्हतं. त्यावर येते.

आधी भावाचं लग्न. मे महिना. हळद दोन दिवस आधी घरीच केली, उटणं मावशीच्या हातचं. आंबेहळद, चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, सगळं स्वतः निवडून दळलेलं, आणि त्यात वासाला म्हणून दुकानातून आणलेलं 'शुद्ध गुलाबाचं तेल', तपकिरी छोटी बाटली, शे-दीडशे रुपयांची. मी करवली, त्यामुळे मलाही तोंडाला, मानेला भरपूर फासलं. रात्री काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सीमांतपूजनाला पापण्या जरा जड वाटल्या, म्हटलं जागरण असेल. लग्नाच्या सकाळी उठले तर डोळे उघडेनात. म्हणजे अक्षरशः फटी. जबड्याच्या कडेने बारीक पुरळ, दोन-तीन ठिकाणी पाणी सुटलेलं, आणि खाज अशी की नखं हातात धरून बसावं लागलं. मेकअपवाली मुलगी आली, तिने बिचारीने घाबरत घाबरत फाउंडेशन लावलं, ते असं झोंबलं की मी ओल्या रुमालाने पुसून काढलं, आणि पैठणी, नथ, दागिने आणि वर हे तोंड घेऊन करा धरून भावाच्या मागे उभी राहिले. मंगलाष्टकं चालू असताना एक काकू कानाशी येऊन म्हणाल्या, "रडू नकोस गं, भाऊ काही परगावी नाही चाललाय." अल्बममध्ये प्रत्येक फोटोत मी रडल्यासारखी दिसते. एकाही फोटोत रडत नव्हते.

खापर अर्थात मेकअपवालीवर फुटलं. स्वस्तातलं केमिकल थापलं म्हणून तिला चार माणसांत ऐकवलं, आणि उरलेले पैसे देताना कटकट केली ती वेगळीच. उटण्याचं नाव कुणी घेईना, कारण ते घरचं.

नंतर सूज उतरली पण गालांवर मातकट डाग राहिले आणि महिनोन्‌महिने राहिले. आपल्या रंगाच्या त्वचेचं हे आहेच, भडका विझतो पण डाग जाता जात नाहीत. मग "काळवंडलीस गं" सुरू झालं, आणि सासरी एकीने तर "शहरातले चोचले" असंही म्हणून घेतलं. सगळ्यांना पुरून उरल्यावर मी पॅच टेस्ट करून घेतली. ती म्हणजे त्वचेला कशाची अॅलर्जी आहे ते शोधायची चाचणी: पाठीवर चिकटपट्ट्या, त्यात छोट्या वाट्या, प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ चिमूटभर. 48 तास आंघोळ नाही, घाम यायचा नाही (उन्हाळ्यात, हसू नका). मग पट्ट्या काढून पेनाने खुणा करतात आणि आणखी दोनेक दिवसांनी परत बघतात, कारण ही अॅलर्जी उशिरा उगवते. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मेकअप त्याच दिवशीचा होता ना? इतक्या लवकर सहसा असं होत नाही. त्याच्या आधी दोन दिवसांत काय लावलं होतंत ते सांगा."

फ्रेग्रन्स मिक्सची खूण लाल, उंचावलेली. हे मिक्स म्हणजे आठ वासाच्या पदार्थांचं मिश्रण, आणि त्यातली नावं ऐकून मी गप्प झाले. दालचिनीतलं सिनॅमल. लवंगेतलं युजेनॉल. गुलाबातलं जेरॅनिऑल. ओकमॉस, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांपैकी. मग सुटी सुटी टेस्ट केली, त्यात जेरॅनिऑल फुललं. मावशीची बाटली नेली होती, त्यांनी ती पातळ करून लावली, तीही लाल.

आता त्या बाटलीत काय होतं? एक किलो खऱ्या गुलाबतेलाला साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात, म्हणजे शे-दीडशे रुपयांत काय येणार ते समजा. कदाचित त्यात रोशा गवताचं तेल असेल, त्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास जेरॅनिऑलच असतं, आणि गुलाबतेलात ते मिसळायची खोड जुनी आहे, आपल्या खानदेशातलं रोशा तेल एकेकाळी मुंबईहून तुर्कस्तानला जायचं ते याच कामासाठी. किंवा सरळ कारखान्यातलं जेरॅनिऑल असेल. किंवा खरंच गुलाब असेल, मला माहीत नाही. माझ्या पाठीला ते कुठून आलं याचं काही पडलेलं नव्हतं, रेणू तोच.

हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या उटण्यात केमिकल नव्हतं." आजही तेच म्हणते. तो विषय आम्ही आता काढत नाही.

तर मुद्दा हा, की नॅचरल की कृत्रिम यावरून अॅलर्जी ठरत नाही. युरोपात 2017 च्या एकाच नियमाने प्रसाधनांतल्या तीन पदार्थांवर अॅलर्जीपायी बंदी आली, त्यातला लायरल नावाचा सुगंध कारखान्यातला, आणि अॅट्रॅनॉल, क्लोरोअॅट्रॅनॉल हे दोन्ही ओकमॉसमधून येणारे, म्हणजे झाडावरचे. उलट गॅलक्सोलाइड नावाची कस्तुरीच्या वासाची चीज पूर्ण कृत्रिम, पर्यावरणाच्या दृष्टीने तिच्यावर बोलण्यासारखं खूप आहे, पण तिने त्वचेला अॅलर्जी झाल्याचं क्वचितच दिसतं. लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन ताजं असताना बरंचसं गरीब, बाटली उघडी राहून हवा लागली की त्याचे जे पदार्थ बनतात ते खरे चावतात. आणि 'नॅचरल' बाटल्या बाथरूममध्ये वर्ष-वर्ष पडून असतात, माझीही असायची.

हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो, कारण कंपन्यांची वकिली मला करायची नाहीये. ती जुनी मी बरोबर होती ती इथे: 'परफ्यूम' या एका शब्दाखाली डझनावारी पदार्थ लपतात आणि व्यापारी गुपित म्हणून ते लपवू दिलं जातं. युरोपने 2003 मध्ये 26 नावं ठराविक प्रमाणाच्या वर लेबलवर लिहायला लावली, 2023 मध्ये यादी वाढवून 80 च्या वर नेली. आपल्याकडे मी बाटली उलटीपालटी करते आणि बऱ्याचदा तो एकच शब्द सापडतो. 'अनसेंटेड', म्हणजे बिनवासाचं, म्हणावं तर त्यात मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो, आणि 'हायपोअलर्जेनिक', म्हणजे अॅलर्जीची शक्यता कमी, या शब्दाला अमेरिकेतसुद्धा कायद्यात व्याख्या नाही. मग मी त्या जुन्या बाईला काय सांगू, की कृत्रिम वास शत्रू नाही? शत्रू तोही आहेच. फक्त तो एकटा नाही.

आणि नाही, सगळ्यांनी सगळं सोडा असं मी म्हणत नाहीये. बहुतेकांना काहीही होत नाही, तुम्ही खुशाल लावा, मला फक्त लावू नका.

काय वापरते? पेट्रोलियम जेली. हो, तीच, कच्च्या तेलातून निघणारी, जिच्या नावानेच तुम्ही नाक मुरडता. पॅच टेस्टमधले बरेचसे पदार्थ तिच्यातच कालवलेले असतात, कारण तिच्यावर त्वचा सहसा चिडत नाही. आणि केसांना शिकेकाई, जिला वास आहे, जी झाडाची आहे, आणि जिच्याने मला काहीही होत नाही. का होत नाही ते डॉक्टरांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आमच्या पट्टीत शिकेकाई नसते.