दोनदा पडल्यावर पुन्हा गाडीवर

पहिल्यांदा पडलो ते मिरगाच्या पहिल्या पावसात. बेळगावहून निघणाऱ्या वेंगुर्ला रोडवर, हिंडलगा गावाच्या पुढे, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली तांबडी माती डांबरावर आणून टाकलेली असते, तिच्यावर नुसते चार थेंब पडले की लोणी होतं. गाडी आडवी झाली, गुडघा सोलला, पँट फाटली. दुसऱ्या दिवशी मी परत गाडीवर होतो.

दुसरा अपघात वेगळा. उसाचा सीझन होता, उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, कंपनीतली सेकंड शिफ्ट सुटली होती. सुळग्याच्या पुढे समोरून एक गाडी लाइट अप्परला ठेवून आली. ती गेली आणि समोर उसाची डबल ट्रॉली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. साइडपट्टीवर उतरलो, खडीवर पुढचं चाक सुटलं. डावं कॉलरबोन मोडलं. (या ट्रॅक्टरवाल्यांकडे गावभर ऐकू जाईल एवढ्या स्पीकरला पैसे असतात, मागच्या दिव्याला नसतात.)

हाड दोन-अडीच महिन्यांत जुळलं. गाडीवर बसायचं धैर्य जुळायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला, आणि त्याबद्दलच लिहायचं आहे. कारण त्या काळात मला मिळालेला सल्ला एकच होता. मामा आले की म्हणायचे, "बस की एकदा गाडीवर, काय हुतंय! आपोआप जाईल भीती." बसलो एकदा. घरापासून उचगाव फाट्यापर्यंत जाईस्तोवर तळहात घामाने भिजले, दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही, मागचा ट्रक जवळ आला की रस्ता सोडून थांबत होतो. भीती गेली तर नाहीच, वर "आपल्याला आता जमणार नाही" ही खात्री झाली.

मग बसने जायला लागलो. लाल बस, शिफ्टच्या वेळेला उभं राहायलाही जागा नाही. 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना प्रवास मोफत, त्यामुळे आमची मंडळी बरोबर असली की ऐटीत सांगायची, "माझं तिकीट लागत नाही, तुमचं तुम्ही काढा." पण रात्रीची शिफ्ट सुटल्यावर बस नसते. रोज कोणाच्या तरी मागे बसून यावं लागायचं, आणि मागे बसण्यात मला पुढे बसण्यापेक्षा जास्त धडकी भरायची. हातात काहीच नसतं ना.

सुरुवात डोक्यापासून करायची नाही हे मला फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी शिकवलं. त्यांनी खुर्चीवर बसवून विचारलं, "मान वळवून डाव्या खांद्यावरून मागे बघा बरं." निम्म्यातच दुखलं. "क्लच दाबून धरा." बोटं थरथरली. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला मागचं दिसत नाही, क्लच धरवत नाही, मग भीती वाटणारच की. त्यात वेडेपणा काय आहे?" भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम, हात लोंबता सोडून गोल फिरवणं, चेंडू दाबणं, हे सगळं कंटाळवाणं प्रकरण नेटाने केलं. मान पूर्ण वळेपर्यंत गाडीला हात लावला नाही.

दुसरी गोष्ट गाडीची. अपघातानंतर ज्या गॅरेजात टाकली होती तिथे हँडल, इंडिकेटर, फुटरेस्ट बदलून "एकदम ओके" म्हणून दिली होती. मला मात्र सारखं वाटायचं की ती डावीकडे ओढते. घरचे म्हणायचे, मनाचे खेळ आहेत. शेवटी कंपनीतल्या एका फिटरच्या ओळखीने दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने पुढचं चाक उचलून हँडल हलवून बघितलं, काचेच्या तुकड्यावर शॉकअपचा रॉड फिरवून दाखवला. रॉड वाकलेला आणि कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलेलं. "मालक, तुमच्या मनाचं नाही, गाडीच ओढतीया," तो म्हणाला. त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं तेवढं कोणाच्या धीर देण्याने वाटलं नव्हतं. म्हणून पडल्यावर गाडी घाबरवते आहे असं वाटलं तर आधी पुढचा शॉकअप, कोनसेट आणि चाकाचा आऊट (वाकडेपणा) तपासून घ्यावा. टायरही बघावा. बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझा मागचा टायर दिसायला बरा होता, पण म्हातारा होता. हेल्मेटला नुसता चरा होता, तरी बदललं. आतला थर्मोकोलसारखा थर एकदा दबला की परत फुगत नाही, आणि बाहेरून ते कळत नाही. नवीन घेताना आयएसआय शिक्का आणि आयएस 4151 हा आकडा बघून घेतलं.

मग सराव. सुट्टीच्या दिवशी उद्यमबागेतले आतले रस्ते मोकळे असतात. तिथे खडूने रेघ मारून फक्त ब्रेकचा सराव केला. 20 चा वेग, रेघ आली की थांबायचं. मग 30, मग 40. इतकी वर्षं गाडी चालवूनही पुढच्या ब्रेकशी माझी दोस्ती नव्हती, लहानपणापासून ऐकलेलं, "पुढचा मारलास तर उलटतोस." खरं तर ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, पकडही तिथेच वाढते, म्हणून थांबवायचं मुख्य काम तेच चाक करतं. फक्त तो झटक्याने मारायचा नाही, दाबत न्यायचा, आणि हँडल सरळ असताना. माझ्या जुन्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना तो 2019 पासून सक्तीचा आहे, पण आम्हा जुन्या गाडीवाल्यांना बोटांनीच एबीएस व्हावं लागतं. या सरावात एक हिशोब डोक्यात पक्का बसला. 60 च्या वेगाला ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर 40 च्या सव्वादोन पट होतं, आणि ब्रेकवर हात जाईस्तोवर सेकंदाला 17 मीटर गाडी पुढे गेलेली असते. लो बीमचा उजेड पडतो तेवढ्यात थांबता येत नसेल तर तो वेग रात्रीचा नव्हे.

वळणांसाठी येळ्ळूरला गेलो, राजहंसगडाच्या चढाला, सकाळी लवकर, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत. भ्यालेला माणूस हँडल आवळून धरतो, कोपर ताठ करतो आणि ज्याची भीती त्याच्याकडेच बघतो. गाडी नजरेमागे जाते. खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यात, कठड्याकडे बघितलं की कठड्याकडे. म्हणून मी स्वतःशी मोठ्याने बोलत चढायचो, "हात सैल, नजर लांब." एक आजोबा फिरायला आले होते, ते थांबून बघत राहिले.

त्यानंतर रोजचा रस्ता, पण तुकड्यांनी. आधी दिवसा, कोरड्यात. मंगळवार-शुक्रवार टाळून, कारण मळेकरणी देवीला जाणाऱ्या गाड्यांनी उचगाव रस्ता त्या दिवशी भरलेला असतो. मग तिन्हीसांजा. मग रात्र, पुढे शिफ्टमधल्या एका मित्राची गाडी ठेवून. पाऊस सगळ्यात शेवटी. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर ओले रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडायचे, रुळावर ब्रेक नाही, हे तेव्हाच अंगवळणी पाडलं. मध्ये एकदा भर दुपारी, काहीही कारण नसताना हात थरथरायला लागले आणि हिंडलग्याच्या गणपतीसमोर गाडी लावून चहा प्यालो. चहा संपला, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी परत निघालो.

आता चालवतो. मंडळीही मागे बसतात, पण खांद्यावरचा हात अजून जरा घट्टच असतो. उसाची ट्रॉली दिसली की मात्र मी तिच्या मागे बराच लांब राहतो आणि फाटा येईपर्यंत ओव्हरटेक करत नाही. मागची पोरं हॉर्न मारून डोकं उठवतात, त्यांना उजवीकडून जायला हात दाखवतो. मामा परवा म्हणाले, "अजून भितोस होय रे?" म्हटलं, ट्रॉलीला भितो. आणि मिरगाच्या पहिल्या पावसात गाडी घरी ठेवून तिकीट काढून जातो.