आमची वाटचाल: यंत्रांकडून टेबलाकडे

फिजिओथेरपीचं क्लिनिक सुरू केलं तेव्हा यंत्रं भरपूर होती, पेशंट नव्हते. उपचाराचं अल्ट्रासाउंड (सोनोग्राफीचं नव्हे), टेन्स म्हणजे सौम्य विजेने दुखणं कमी करणारं यंत्र, मेणाच्या शेकाचं भांडं, सगळं कर्जावर. हप्ते फेडायचे तर यंत्रं चालायला हवीत, म्हणून मनगट दुखतंय म्हणत जो येई त्याला आधी मशीन. काय दुखतंय ते विचारायचे, कशामुळे ते नाही. आज लिहिताना लाज वाटते.

एक नवी आई यायची. अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ. दहाव्या बैठकीला म्हणाली, "मॅडम, इथून उठले की दोन तास बरं, घरी गेले की पुन्हा तेच." टॉवेलचं गाठोडं करून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, बाळ उचलून दाखव. तिने अंगठे ताणून ते काखेतून धरलं, मनगटं करंगळीकडे झुकवली, उचललं आणि कळवळली. १८९५मध्ये द केर्व्हेन या स्विस सर्जनने वर्णन केलेलं हेच दुखणं. ते ओळखायला आम्ही अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवतो. म्हणजे जवळजवळ आमची तपासणीच ती दिवसभर स्वतःवर करत होती! हात बाळाच्या खाली घालून, तळवा वर ठेवून उचलायला शिकवलं, काही आठवडे अंगठ्याला स्प्लिंट, म्हणजे हालचाल रोखणारा आधार, दिला. कळ हळूहळू गेली.

त्यानंतर दारातच एक टेबल मांडलं. त्यावर कीबोर्ड, घट्ट झाकणाची बरणी, पिळायला फडकं, पाना. पहिल्या बैठकीत पेशंटने रोजचं काम या टेबलावर करून दाखवायचं, मशीन नाही. "नुसतं बघायचे पैसे?" असं तोंडावर ऐकलं. काही पेशंट गेले, दोन हप्ते थकले.

चुकाही झाल्या. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, असं सांगणारे बरेच येतात. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ टेंडन (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि एक नस (मज्जातंतू) जाते, ती नस दाबली गेली की हे होतं. करंगळी मात्र सहसा सुटते. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट अनेकांना पुरतो. एकाला मी महिनाभर तोच लावला, आणि त्याचं मूळ मानेत निघालं. तेव्हापासून मान आधी तपासते. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग झिजलेला दिसला, तर व्यायामात वेळ न घालवता सर्जनकडे पाठवते. धंद्याच्या हिशेबाने हा तोटा, पण त्याच सर्जननी पुढे पेशंट पाठवले.

सर्वांत जीव तुटतो तो प्लास्टर काढून आलेल्यांसाठी. मनगट मोडलेलं, पण बोटं मोकळी होती, तीही सहा आठवडे न हलवल्याने लाकडासारखी. हलवली तर हाड सरकेल ही भीती. अशांना मी दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग धरून बोटं हलवायला सांगते. हालचाल तिथे जाणवते, कारण बोटांत मिटणारे-उघडणारे स्नायू नाहीतच, ते वर आहेत. चेहरे बघण्यासारखे होतात. आता काही डॉक्टर प्लास्टर घातल्याबरोबर पाठवतात; तेव्हा बोटं आणि खांदा हलवायला शिकवायला एक बैठक पुरते.

आज आम्ही तिघी आहोत, कर्ज फिटलंय. मेणाचं भांडं आखडलेल्या हातांना व्यायामाआधी अजून लागतं. अल्ट्रासाउंडवर मात्र टॉवेलांची चळत असते; वरचा टॉवेल बाळाचा.