पंचवीसच्या रस्त्यावर चाळीस

रविवारची मराठी शाळा दहाला भरते. आम्ही घरातून निघतो पावणेदहाला आणि रस्ता आहे २२ मिनिटांचा. हे गणित आम्हाला चार वर्षांत एकदाही जमलेलं नाही. गणपती होऊन आठवडा झाला होता, त्या रविवारी लेक मागच्या सीटवर एक ते शंभर आकडे म्हणत होती. न्यू जर्सीत वाढलेली पोरं एकोणतीस, एकोणचाळीसपाशी हमखास अडकतात. "थर्टी नाइनमध्ये फोर्टीचं नाव कशाला घ्यायचं?" हा तिचा प्रश्न तसा रास्तच आहे. चाळीसला एक उणा म्हणून एकोणचाळीस, असं मी आरशात तिच्याकडे बघत समजावत होते, तेवढ्यात त्याच आरशात तिच्या डोक्यामागे लाल-निळे दिवे दिसले.

सांगलीत पोलिसानं हात केला की आपण गाडी बाजूला घेतो, उतरतो आणि चेहरा शक्य तितका गरीब करून त्याच्याकडे चालत जातो. इथे उतरायचं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे ठेवायचे आणि तो येईपर्यंत थांबायचं. माझा नवरा महेश पहिल्या वर्षी उतरला होता. तेव्हा पोलीस ज्या आवाजात ओरडला, तो त्याला अजून आठवतो.

माझा पोलीस पोरगेलासा आणि फार नम्र होता. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्सचं कार्ड घेऊन गेला, पाच-सात मिनिटांनी दंडाचं तिकीट घेऊन आला. पंचवीसच्या रस्त्यावर चाळीस. "हॅव अ गुड डे, मॅम." लेकीनं शाळेत गेल्या गेल्या बाईंना सगळं सांगितलं, तेही शुद्ध मराठीत, त्यामुळे दुपारपर्यंत अर्ध्या मिडलसेक्स काउंटीला कळलं.

दंड शंभर डॉलरहून थोडाच जास्त होता. ऑनलाइन भरला की विषय संपला, असं मला वाटलं. मग महेशनं तिकीट हातात घेतलं आणि एक्सेल उघडलं.

न्यू जर्सीत पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि गुन्ह्याबरोबर लायसन्सवर पॉइंट चढतात. मर्यादेच्या वर १४ मैलांपर्यंत गेलात तर २ पॉइंट, १५ ते २९ मैल गेलात तर ४. पंचवीसवर पंधरा म्हणजे चाळीस. म्हणजे एकोणचाळीस असते तर निम्म्यात सुटले असते! (हे लेकीला अजून सांगितलेलं नाही. आकडे पाठ करण्याविरुद्ध तिच्या हातात कोलीत मिळेल.) तीन वर्षांत सहा पॉइंट झाले की राज्य वेगळा सरचार्ज लावतं, बारा झाले की लायसन्स निलंबित. एक वर्ष नीट गाडी चालवली की तीन कमी होतात, डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला की दोन. इन्शुरन्स कंपनी हप्ता किती वाढवेल हे कुणी छातीठोक सांगत नाही, त्यामुळे महेशनं तिथे तीन वेगवेगळे अंदाज घालून तीन रंग दिले. त्याच्या मते लढायलाच हवं होतं. त्याला न्याय वगैरे नको होता, त्याला हिरवा रकाना हवा होता.

आठवडाभरात टपालपेटीत वकिलांची अकरा पत्रं येऊन पडली. तिकिटाची नोंद सार्वजनिक असते, त्यामुळे त्यांना नाव-पत्ता लगेच मिळतो. पाकिटावर 'ॲडव्हर्टाइजमेंट' असं छापलेलं असतं आणि आत मात्र एखाद्या जिवलग काकांनी लिहावं तसा मजकूर. एकाला फोन केला, त्यानं साडेतीनशे डॉलर सांगितले.

व्हॉट्सॲपवर तर पंढरपूरच भरलं. एक काका म्हणाले, तारीख घे, पोलीस येतच नाही, केस आपोआप रद्द. (मी पुढे वकिलाला विचारलं. तो हसला. पोलीस आला नाही तर बहुतेक वेळा पुढची तारीख पडते, इतकंच.) एक वहिनी म्हणाल्या, पोलिसांच्या संघटनेचं कार्ड पर्समध्ये ठेवावं, ओळखीच्या पोलिसाकडून मिळतं, लायसन्सबरोबर हळूच दाखवायचं. म्हणजे वशिल्याचं इथे छापील कार्ड निघतं! माझ्या ओळखीत पोलीस नव्हता, त्यामुळे तत्त्वाचा प्रश्न आला नाही.

मला स्वतःला भुरळ पडली ती नादकाट्याची. कुणीतरी सांगितलं की पोलिसाच्या रडारची नोंद मागवता येते, म्हणून मी वाचत बसले. रडार बरोबर चाललंय का हे तपासायला नादकाटा वापरतात. आपण शाळेत प्रयोगशाळेतल्या रबराच्या ठोकळ्यावर आपटून कानाशी धरायचो ना, तोच. तो ठोकून रडारसमोर धरायचा. त्याची कंपनं ठरलेली असतात, त्यामुळे रडारला तो अमुक मैल वेगानं येणारी गाडी वाटतो. आकडा जुळला तर यंत्र ठीक. त्या काट्याचंही प्रमाणपत्र असतं आणि आरोपी ते मागू शकतो. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटीत काम करते. माझा दिवस दुसऱ्यांच्या यंत्रांची कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रं तपासण्यात जातो. एखाद्या तराजूची तारीख उलटून गेलेली सापडली की मला जो आनंद होतो, तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. त्यामुळे हा माझ्याच अंगणातला सामना होता. इथल्या म्युनिसिपल कोर्टात वाहतुकीच्या गुन्ह्यालासुद्धा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करण्याची अट आहे. ज्युरी नसते, एकटे न्यायाधीश ठरवतात. मनातल्या मनात माझी उलटतपासणी तयार झाली.

त्यात पाटी सापडली.

पुढच्या रविवारी त्याच रस्त्यावर मी मुद्दाम गाडी लावून चालत गेले. तो रस्ता आधी चाळीसचा आहे आणि वस्ती सुरू होते तिथे एकदम पंचवीसचा होतो. पंचवीसची पाटी मेपलच्या फांदीत गेली होती, पाचातली वेलांटी तेवढी बाहेर. मी सहा फोटो काढले. न दिसणाऱ्या पाटीसाठी मी चार पॉइंट का घ्यावेत? घरी येईपर्यंत माझ्या पोटात अन्यायाची अशी छान ऊब आली होती की काय सांगू. त्या रात्री तिकिटावरच्या सूचनेप्रमाणे 'नॉट गिल्टी' कळवून टाकलं.

एक गोष्ट मी त्या वेळी कुणालाच सांगितली नाही, महेशलाही नाही. फांदीतल्या पाटीच्या पुढे, पन्नास-साठ पावलांवर, दुसरी पाटी आहे. ती स्वच्छ दिसते. पोलीस त्याच्याही पुढे उभा होता. सहातल्या चार फोटोंत ती मागे दिसत होती. मी ते चार पुसले आणि उरलेले दोन कापून नीट केले.

अण्णांना मी काही सांगणार नव्हते. माझे वडील ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. सांगली-पुणे, सांगली-कोल्हापूर, मधे काही वर्षं कोकणात उतरणाऱ्या गाड्या. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी देवघराशेजारच्या कपाटात काचेआड ठेवलाय. पण नात व्हिडिओ कॉलवर असली की काही लपत नाही.

"चाळीसला धरलं?" अण्णा म्हणाले. "चाळीस म्हणजे काय वेग हाय व्हय? आमची एसटी स्पीडचं लॉक लावून पण त्याच्या म्होरं जायची."

"अण्णा, चाळीस मैल. चौसष्ट किलोमीटर होतात."

ते गप्प झाले. मग म्हणाले, "वस्तीतनं?"

"हो."

"चौसष्ट. वस्तीतनं." परत गप्प. "काटा कितीवर होता तुझा?"

तीन आठवड्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. महेशनं पॉइंट विचारले होते, वकिलानं तिकिटावरचं कलम, काकांनी पोलिसाचा बॅज नंबर. आणि मला उत्तर देता येईना, कारण मला ठाऊकच नव्हतं. चाळीस असेल, अडतीस असेल, त्रेचाळीसही असेल. मी काट्याकडे बघत नव्हते. रस्त्याकडेही बघत नव्हते. मी आरशात एकोणचाळीस शिकवत होते.

"बघितला नव्हता," मी म्हटलं.

"मग कुठल्या तोंडानं भांडणार कोर्टात?" ते रागावून नाही म्हणाले. डेपोत एखाद्या नव्या पोराला विचारावं तसं विचारलं. वर म्हणाले, "भांड की. पण काटा ठाऊक असला तर भांड."

त्या रात्री मला महेशच्या एक्सेलचा राग आला. माझाही आला, पण एक्सेलचा जास्त.

तारीख नोव्हेंबरात लागली. २०२० नंतर असली किरकोळ प्रकरणं बरीचशी झूमवरच चालतात. मी बेडरूममध्ये बसले, मागचा वाळत घातलेल्या कपड्यांचा स्टँड बाहेर ढकलला, दारावर 'कोर्ट चालू आहे' अशी चिठ्ठी लावली. स्क्रीनवर तीसेक चौकोन होते. एक जण गॅरेजमध्ये उचललेल्या गाडीखाली, एक बाई बाळाला भरवत होती, एक आजोबा फक्त कपाळ. न्यायाधीशांनी सगळ्यांना हक्क वाचून दाखवले. मग सरकारी वकील एकेकाला वेगळ्या खोलीत बोलावू लागले. झूमवरच्या खोलीत म्हणजे.

माझा नंबर आला. मी फोटोचं फोल्डर उघडून ठेवलं होतं. सरकारी वकिलांनी माझं रेकॉर्ड बघितलं, स्वच्छ होतं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, स्पीडिंग मागे घेतो, 'अनसेफ ड्रायव्हिंग' कबूल करा. शून्य पॉइंट. पण दंड जास्त, वर २५० डॉलरचा सरचार्ज. पाच वर्षांत दोनदाच मिळतं हे, तिसऱ्यांदा पॉइंट लागतात.

म्हणजे मांडवली! सांगलीत विश्रामबागच्या सिग्नलला पावती नको म्हणून जी कुजबुज चालते तीच, फक्त इथे ती कायद्याच्या पुस्तकात कलम देऊन ठेवलीय आणि पैसे सरकारी खात्यात जातात. शंभरच्या जागी चारशेच्या वर द्यायचे, आणि त्याबद्दल जे केलं ते केलं नाही असं दोघांनी मिळून ठरवायचं. चांगलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्याच्याकडे चारशे नाहीत तो शंभर भरून चार पॉइंट घेतो, हे मात्र डोक्यातून जात नाही.

ट्रायल मागायची की नाही, हे तिथल्या तिथे सांगायचं होतं. फोल्डरमधले दोन कापलेले फोटो समोर होते. पोलीस साक्षीला आला असता आणि त्यानं फक्त म्हटलं असतं, "त्याच्या पुढे अजून एक पाटी आहे", तर? नादकाट्याचं प्रमाणपत्र मी मागितलंच नव्हतं. मागायला भीती वाटली नव्हती, ते नीट असेल अशी खात्री वाटली होती. मी हो म्हटलं.

मला वाटलं, आता फॉर्म येईल. पण न्यायाधीशांपुढे परत आणलं. स्वखुशीनं कबूल करताय का, कुणी दबाव आणला का, ट्रायलचा हक्क सोडताय हे कळतंय का. सगळ्याला येस. आणि मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलंत ते सांगा. नुसतं 'गिल्टी' म्हणून चालत नाही. काय घडलं ते आपल्या तोंडानं रेकॉर्डवर सांगावं लागतं.

याची तयारी माझ्या उलटतपासणीत नव्हती. तीस चौकोन ऐकत होते. मी म्हटलं, मी गाडी चालवताना आरशात मुलीशी बोलत होते. स्पीडोमीटरकडे बघत नव्हते. वस्ती सुरू झाली ते माझ्या लक्षात आलं नाही.

"दॅट्स सफिशियंट," ते म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील.

पैसे त्याच संध्याकाळी भरले. महेशचा रकाना हिरवा झाला. नागरिकत्वाच्या अर्जात 'तुम्हाला कधी साइट केलं होतं का', म्हणजे पोलिसानं कधी तिकीट दिलं होतं का, असा प्रश्न आहे, तिथे मात्र पुढच्या वर्षी 'हो' लिहावं लागणार. पॉइंट शून्य असले तरी तिकीट मिळालं ते मिळालंच. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा रुपयांत किती झाले ते विचारलं. ऐकून म्हणाले, "एवढ्यात टायर आलं असतं."

फांदी अजून तिथेच आहे. पानं गळल्यामुळे सध्या पाटी दिसते, पण एप्रिल-मेत परत झाकणार. टाउनशिपच्या सार्वजनिक बांधकामवाल्यांना ईमेल केलाय. सोबत फोटो जोडायला म्हणून परत एकदा जाऊन नवा काढला, पुढच्या पाटीसकट.