ब्रिज बसला, चावा बसेना

मंगळवार

दातांचा ब्रिज दिसायला छान झालाय, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. रंग जुळलाय, बोलताना काही अडत नाही, शाळेतल्या बाईंना तर सांगेपर्यंत कळलंही नव्हतं. फक्त त्यानं चावता येत नाही.

डावीकडची खालची पहिली दाढ गेल्या वर्षी काढावी लागली. तिच्या मागची दाढ आणि पुढची उपदाढ, दोन्ही चांगल्या होत्या, त्या चारी बाजूंनी कोरून बारीक केल्या, त्यांच्यावर कॅपा चढवल्या आणि मधला खोटा दात त्या दोघींच्या आधारानं टांगला. तिन्ही मिळून एकच तुकडा. उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकून टाकू म्हणून केलं. शाळा सुरू झाली, पाऊस लागला, बेळगावजवळच्या येळ्ळूरकडच्या शेतांत रोपं लावून झाली, खरं माझा चावा काही बसेना.

सिमेंट लावून ब्रिज पक्का केला तेव्हा अर्धी जीभ आणि खालचा ओठ बधिर होते. “चावा बघू, हाय, म्हणजे उंच, वाटतंय का?” असं विचारलं, तर मला हाय नाही की लो नाही, काहीच वाटत नव्हतं. खालच्या जबड्याचं ते इंजेक्शन दोन-चार तास तरी उतरत नाही. रात्री जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला डावीकडचे दात आधी आपटले. उजवीकडचे नंतर भेटले. दोन्हींमध्ये अंतर किती, तर नसल्यासारखं. पण तेवढ्यानं कानशिलापर्यंत कळ गेली.

आमच्या शहापुरातल्या जुन्या घराचं मागचं दार पावसात फुगतं आणि चौकटीला एकाच जागी अडतं. सुतार येतो, तेवढीच जागा रंधा मारून जातो. दातांचे डॉक्टरही तेच करतात. फरक एवढाच की दाराला नस नसते, आणि एकदा रंधलेलं लाकूड पुढच्या उन्हाळ्यात आणखी आक्रसलं तर फट पडते, ती दार सोसतं.

गुरुवार

परत ग्राइंडिंगला गेले होते. खुर्ची मागे करून झोपवतात, दातांमध्ये निळा कागद धरतात, मदतीला असलेली मुलगी म्हणते, “बायी तगीरी... हं, कडीरी. आणि एकदा कडीरी.” म्हणजे तोंड उघडा, चावा. अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आपल्या गावात सगळं असंच. मी कडकड चावते. कागदाचे डाग दाताच्या उंचवट्यांवर उमटतात आणि डॉक्टर ते डाग घासतात.

या निळ्या कागदाबद्दल मी जरा वाचलं. नेहमीच्या वापरातला कागद साधारण ४० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. जाड कागदही असतात, २०० मायक्रॉनपर्यंतचे. आणि आपले खरे दात वीस-एक मायक्रॉनचाही अडथळा ओळखतात. दाताचं मूळ हाडात घट्ट रोवलेलं नसतं, मध्ये धाग्यांचं एक पातळ अस्तर असतं, त्याला हे सगळं कळतं. तेव्हा कागदावर काही दिसत नाही आणि मला मात्र जाणवतं, यात चमत्कारिक असं काही नाही. दुसरी गोष्ट, डाग मोठा आणि गडद उमटला म्हणजे तिथेच जास्त जोर येतो असंही नसतं. ओल्या दातावर कागद धड उमटत नाही, वापरलेल्या कागदावर भलतंच उमटतं. कागद सांगतो ती जागा, जोर नाही.

आज मी धीर करून म्हटलं, “डॉक्टर, खुर्ची सरळ करा. मी जेवते ती बसून, आडवी होऊन नाही.” आडवं झालं की खालचा जबडा जरासा मागे सरकतो, त्यामुळं दात भेटण्याची जागाही बदलते. डॉक्टर हसले, पण खुर्ची सरळ केली. बसून चावलं तर मागच्या दाढेवर आतल्या बाजूला वेगळाच डाग. मग जबडा डावीकडे सरकवून बघा म्हटलं, उजवीकडे सरकवून बघा म्हटलं. नुसतं उभं चावून काय उपयोग, भाकरी चघळताना जबडा गिरणीसारखा आडवा फिरतो की.

घासल्यावर दोन दिवस बरं वाटतं. मग परत. आणि प्रत्येक वेळी मनात एक धास्ती असते, की घासलेलं परत लावता येत नाही. आज त्यांनी वरच्या दाढेचाही उंचवटा थोडा घासला, माझी स्वतःची दाढ. मला ते आवडलं नाही, आणि मी तसं म्हणालेही.

शनिवार, रात्री

दुखण्याचे प्रकार वेगळे काढायला लागल्यापासून जरा डोकं शांत आहे. आधी सगळं मिळून एकच “डावी बाजू” दुखायची. आता वहीत चार रकाने केलेत: चावताना, थंडानं, गरमानं, आपोआप. वेळ लिहायची, किती वेळ टिकलं ते लिहायचं. गोळी घेतली तर तीही. मुलांना प्रयोगवही लिहायला लावते तशी माझीच प्रयोगवही.

चार दिवस लिहिल्यावर तीन दुखणी दिसतात. एक, घास चावून तोंड उघडताना येणारी टोकदार कळ. दुसरं, माठातलं पाणी मागच्या दाढेला लागलं की सुरू होणारं आणि पाणी गिळून झाल्यावरही मिनिटभर तसंच राहणारं, कधी आपोआपही ठणकणारं. तिसरं म्हणजे कानापुढचा सांधा आणि गालाचा स्नायू, ते सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त, जणू रात्रभर कुणीतरी माझ्या तोंडानं सुपारी फोडत होतं. हे म्हणाले, “रात्री दात खातेस तू. मला आवाज येतो.” लग्नाला इतकी वर्षं झाली, हे कधी बोलले नव्हते. म्हणजे आधी खात नव्हते तरी, नाहीतर यांना झोप फार गाढ लागत होती.

गालाच्या दुखण्यावर एक साधा उपाय सापडला, तो मनापासून पाळते आहे. ओठ मिटलेले, दात सुटे. विसाव्याच्या वेळी वरखालचे दात एकमेकांना टेकलेले नसतातच, मध्ये दोन-चार मिलिमीटर मोकळं असतं. दिवसभरात दात एकमेकांना लागतात ते जेवताना आणि गिळताना, सगळं मिळून फार तर पंधरा-वीस मिनिटं. मी मात्र नवा ब्रिज नीट बसलाय का हे बघायला दर दोन मिनिटांनी टकटक करत होते. सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा. आता खडू हातात घेतला की जीभ वरच्या दातांमागे टेकवायची, अशी सवय लावते आहे. गरम पाण्याचा शेक संध्याकाळी. यानं तिसरं दुखणं निम्म्यावर आलं. पहिली दोन जशीच्या तशी.

रविवार

खानापूरची आक्का आली होती, सोबत घरचे तांदूळ आणि लावणीच्या मजुरीचं गाऱ्हाणं. मला मऊ भात कालवून खाताना बघितलं आणि सुरू झाली.

“अजून दुखूलाय काय गं? काढून टाक जा की ते!”

“काढून टाकून काय करू आक्का? आतले दोन दात कोरलेत. ते उघडे ठेवता येत नाहीत.”

“सोन्यासारखे दात कोरून घेतलीस तू.”

हे तिचं पालुपद सगळ्यांचंच आहे. खोटं नाही, अशा ब्रिजसाठी शेजारच्या चांगल्या दातांवर हात चालवावाच लागतो, त्याच्याशिवाय तो उभा राहत नाही. खरं रिकामी जागा तशीच सोडली तर बऱ्याचदा मागची दाढ पुढे कलंडते आणि वरची दाढ त्या खड्ड्यात खाली उतरत जाते, हेही खोटं नाही. इम्प्लांटला, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर दात बसवायला, महिने लागतात आणि पैसे तर विचारूच नका. मी जे ठरवलं ते माहिती घेऊन ठरवलं होतं, त्याबद्दल माझं आजही तेच मत आहे. त्रास झाला की प्रत्येक जण मागे जाऊन दुसरा रस्ता दाखवतो. त्या रस्त्यावर कोण चाललंय?

आक्कानं जाताना लवंगेचं तेल लावायला सांगितलं. कॅपच्या आतल्या नसेपर्यंत ते पोचणार कसं, हे मी तिला विचारलं नाही. लावलं. तोंडाला वास चांगला येतो.

नागपंचमी

सणाचा त्रास मोठा. घराघरात लाह्या आणि तंबिटाचे लाडू. मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, लाडू केले तेव्हा माझ्यासाठी दोन बाजूला काढून तुपात जास्त मळले होते, न बोलता. तेही उजवीकडूनच खाल्ले. लाहीचं टरफल ब्रिजखाली जाऊन बसलं. मधल्या खोट्या दाताखाली साधा ब्रश जात नाही, तिथे टोकाला कडक असलेला जाड दोरा ओवून काढावा लागतो किंवा बारीक बाटली-ब्रशसारखा दातांचा ब्रश. ती हिरडी सुजली की दुखण्यात आणखी एक भर, आणि मग वहीत काय कशामुळं हे कळत नाही. म्हणून रात्री हे नियमानं करते.

सध्याचा आहार: उप्पीट, इडली, नाचणीची आंबील, आमटीत कुस्करलेली भाकरी. जोंधळ्याची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी ताटात समोर दिसते तेव्हा मात्र राग येतो. कुंदा, आमच्याकडची दुधाची मऊ मिठाई, खाता येतो, तेवढंच एक बरं. डिंक-सुक्यामेव्याचं चिवट करदंट तर मी डब्यासकट शेजारी देऊन टाकलं.

बुधवार

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले, कृत्रिम दातांचंच एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, केलेल्या. आधीच्या डॉक्टरांना सांगूनच गेले, त्यांच्याकडून एक्स-रे मागून घेतले. मागताना संकोच वाटला, खरं ते मागायचा आपल्याला हक्क असतो.

यांनी पहिल्यांदा काहीच घासलं नाही. वही वाचली. सगळी. मग मागच्या दाढेला हिरडीच्या कडेनं थंडाचा बोळा लावला आणि कळ किती वेळ टिकते ते घड्याळावर बघितलं. उजवीकडच्या दाढेला लावला तेव्हा गार वाटलं आणि बोळा काढताच गेलं. डावीकडचं राहिलं, ठणकत राहिलं. दात कोरताना यंत्राच्या उष्णतेनं आणि आतला थर उघडा पडल्यानं नस चिडते, बहुतेकदा काही आठवड्यांत शांत होते. थंड गेल्यावरही कळ टिकते आणि आपोआपही ठणकतं, तेव्हा ती शांत होण्याच्या पलीकडे गेलेली असू शकते. अशा सुजलेल्या दाढेला साधा चावाही उंच वाटतो, कारण तिच्यावर पडणारा प्रत्येक दाब दुखतो. म्हणजे इतके दिवस आम्ही उंची घासत होतो, आणि दुखत होतं ते कदाचित उंचीमुळं नव्हतंच, निदान सगळं तरी नव्हतं.

मी त्यांना माझी भीती सांगितली. चावा तपासून बरोबर निघतो आणि तरीही रुग्णाला तो चुकीचाच वाटत राहतो, अशा अवस्थेला १९७६ पासून एक नाव आहे, फँटम बाईट. असे लोक एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरतात, दात घासून घेतात, ब्रिज बदलून घेतात आणि चावा काही जुळत नाही. ते वाचल्यापासून वाटत होतं, मलाही त्यातच टाकतील. “ताई, तुमचं सगळं मनाचं आहे,” हे एका ठिकाणी ऐकूनही झालं होतं. हे डॉक्टर म्हणाले, तो आजारही खरा असतो, त्यात रुग्ण खोटं बोलत नाही. पण त्याचं नाव घेण्याआधी नस, चीर, हिरडी, सांधा हे सगळं बघून संपवावं लागतं, आणि दोन्ही बाबतीत उत्तर तेच: कारण कळल्याशिवाय आणखी घासायचं नाही.

मला हे पटलं. मला बरं वाटलं ते इलाज सांगितल्यामुळं नाही, न करण्याचं काहीतरी सांगितल्यामुळं.

शुक्रवार

ठरलं ते असं. आधी मागच्या दाढेचं रूट कॅनल, ब्रिज न काढता, कॅपला वरून भोक पाडून. सिरॅमिकचा टवका उडू शकतो, हे त्यांनी आधीच सांगितलं. आत गेल्यावर दाढेला चीर सापडली तर मग सगळाच विचार नव्यानं करायचा, ब्रिज कापून काढण्यापासून. चाव्याची तपासणी इंजेक्शनच्या दिवशी होणार नाही, सोमवारी शाळा सुटल्यावर, असं मी म्हटलं आणि ते हो म्हणाले.

दोन्ही जबड्यांची मापं घेऊन प्लास्टरचे नमुने केलेत. रात्री दात खाण्यासाठी वरच्या दातांवर बसणारी कडक ॲक्रिलिकची पट्टी करता येते. मऊ रबरासारख्या पट्टीवर काही लोक उलट जास्तच चावत बसतात, म्हणून कडक. तिचा मुख्य गुण मला असा दिसतो की घासायचं झालं तर पट्टी घासतात, दात नाही. चुकलं तर दुसरी करता येते.

शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारची वेळ घेतली आहे. हे सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं, मग मामी म्हणाल्या, “जाऊ दे त्याला, एरवी तरी काय करतो.” पाऊस बघून रिक्षानं जायचं. वही पिशवीत टाकली आहे.

रूट कॅनलनंतर आपोआपचा ठणका थांबला आणि थंडाचा रकाना रिकामा राहिला, तर दुसरं दुखणं गेलं. तरीही चावा चुकीचाच वाटला, तर पट्टी. पट्टीचे पैसे वेगळे.