तुम्ही विचारलंत म्हणून: चौकोन मधे, माणूस कडेला

रेंजफाइंडर (खिडकीतल्या छोट्या चौकोनात दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) हातात दिसला की हा प्रश्न येतोच: "फोकसचा चौकोन तर मधोमध. मग माणूस कडेला हवा असेल तर काय करता?" चौकोन त्याच्या डोळ्यावर ठेवायचा, दोन प्रतिमा एकमेकींवर बसेपर्यंत रिंग फिरवायची, मग कॅमेरा वळवून फ्रेम लावायची. एवढं बहुतेकांना माहीतच असतं. खरी तक्रार पाठोपाठ येते: "तेच तर करतो, तरी डोळे मऊ आणि कानशिलावरचे केस शार्प, असं का?"

दोष तुमच्या नजरेचा नाही, भूमितीचा आहे. चौकोन मोजतो ते कॅमेऱ्यापासून डोळ्यापर्यंतचं सरळ अंतर. लेन्स मात्र, निदान कागदावर, फिल्मला समांतर अशा सपाट प्रतलावर फोकस करते. कॅमेरा वळला की प्रतलही वळतं आणि कडेच्या माणसाच्या मागे जातं. किती मागे, तर अंतर गुणिले (१ वजा कोनाचा कोसाइन).

समजा ५० मिमीची लेन्स आहे, माणूस १ मीटरवर. त्याला उभ्या एक-तृतीयांश रेषेवर (फ्रेमच्या रुंदीचे तीन सारखे भाग करणाऱ्या रेषेवर) नेलंत तर कॅमेरा जेमतेम ७ अंश वळतो आणि फोकस सुमारे ७ मिलिमीटर मागे जातो. एफ १.४ लाही, म्हणजे अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र; आकडा जितका लहान तितकं ते मोठं) भरपूर उघडं असतानाही, हे खपतं; तिथे दोन्ही बाजूंना साधारण दीड सेंटीमीटरची सूट असते. पण माणूस आणखी कडेला ढकलून १५ अंश वळलात की चूक होते साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. मग कानशिलंच शार्प येणार. शिवाय आपण कॅमेरा लेन्सभोवती फिरवत नाही, मानेभोवती फिरवतो. त्यानेही थोडी भर पडते.

वाइड लेन्स लावली की सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. नाही सुटत. ३५ मिमीची डेप्थ, म्हणजे शार्प दिसणाऱ्या पट्ट्याची खोली, जास्त, हे खरं; पण माणसाला फ्रेममध्ये त्याच जागी न्यायला कॅमेराही जास्त वळवावा लागतो, आणि हिशेब जवळपास तिथेच येतो. सुटका करतं ते अंतर. चूक अंतराच्या प्रमाणात वाढते, डेप्थ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. तीच ५० मिमी, तोच एफ १.४, तेच १५ अंश. पण माणूस ३ मीटरवर असेल तर चिंता नको. १ मीटरवरच राहायचं असेल तर एफ ४.

आणि १ मीटरवर एफ १.४ च हवा असेल तर? फ्रेम लावून झाली की किंचित मागे रेला. अंदाजानेच, दोन-तीन बोटं. बरेच जण नेमके उलटे, फ्रेम लावताना नकळत पुढे झुकतात, आणि चूक वाढवून ठेवतात. रेलणं जमत नसेल तर रिंग केसभर जवळच्या बाजूला घ्या. मला त्याहून आवडतं ते असं: आधी फ्रेम लावायची, मग माणसाच्या बरोबरीच्या प्रतलात काही मधे येतंय का ते बघायचं. टेबलाची कड, शेजारच्याचा खांदा, काहीही. त्यावर चौकोन जुळवला की कॅमेरा हलवायचं कामच उरत नाही.

मघाशी 'कागदावर' म्हटलं, कारण पुष्कळ लेन्सचं प्रतल प्रत्यक्षात वाकलेलं असतं. कडा कॅमेऱ्याकडे वळलेल्या असतील तर चूक आपोआप कमी होते; उलट्या असतील तर वाढते. आपल्या लेन्सचं काय, हे बघायला अॅपर्चर पूर्ण उघडून गवताच्या मैदानाचा एक फोटो काढा. गवतातला शार्प पट्टा कुठे वाकतो ते लगेच दिसतं.

ही चूक काही रेंजफाइंडरची मिरास नाही. मधल्या बिंदूवर फोकस करून वळणाऱ्या कुठल्याही कॅमेऱ्यात ती असते. हॅसलब्लाडने २००९ मध्ये एच४डी आणला तेव्हा कॅमेरा किती वळला ते मोजून फोकस दुरुस्त करणारा सेन्सरच त्यात बसवला. आपल्याकडे कंबर आहे.

रस्त्यावर फोटो काढताना मात्र मी यातलं काहीच करत नाही. २८ मिमी, एफ ८, लेन्सवरच्या स्केलवर ३ मीटर. दीड मीटरच्या जरा पलीकडून तीसेक मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येतं, माणूस फ्रेममध्ये कुठेही असो. चौकोनाकडे मी बघतही नाही.