कलांगचा काठ आणि कुर्ल्याची भिंत

सिंगापूरचे बाकीचे दिवस मॉलमध्ये गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माणसाने एवढ्या थंड हवेत एवढं चालू नये, इतकंच माझं मत. शेवटी भावजयच म्हणाली, "ताई, तुम्ही एकदा बिशानच्या बागेत जाऊन या, तिथे पाणमांजरं दिसतात." बिशान स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालत गेले आणि घामाने भिजून पोहोचले.

ही बाग १९८८ची. तेव्हा तिच्या कडेने कलांग नदी काँक्रीटच्या सरळसोट नाल्यातून जायची. पूर नको म्हणून पाणी लवकरात लवकर समुद्राकडे पळवायचं, हा त्यामागचा हिशेब. पुढे बागेची डागडुजी आणि नाल्याची दुरुस्ती एकाच वेळी निघाली, तेव्हा त्यांनी काँक्रीटच फोडलं. २.७ किलोमीटरच्या नाल्याला वळणं देऊन ३.२ किलोमीटरची नदी केली आणि २०१२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. काठ सिमेंटने नाही, मुळांनी धरलेत. दगड, फांद्यांच्या मोळ्या, त्यातून फुटलेली झुडपं. हे टिकतं की नाही, ते आधी साठ मीटरच्या तुकड्यावर करून पाहिलं होतं. फोडलेल्या काँक्रीटची एक टेकडी रचली आहे, तिच्यावर चढून मी डबा खाल्ला.

वरच्या अंगाला पाणवनस्पती लावलेले वाफे आहेत, एकाखाली एक. तळ्याचं पाणी पंपाने वर चढवून त्यांच्यातून झिरपत खाली सोडतात. गाळ मुळांपाशी अडकतो आणि पाणी निवळतं. तेच पुढे अतिनील किरणांखालून काढून मुलांच्या खेळायच्या कुंडात येतं. सांडपाण्याचा वास येईल म्हणून मी नाक सावरूनच गेले होते. आला तो ओल्या मातीचा. चतुर भरपूर होते. एक घोरपड वाटेच्या मधोमध पसरली होती आणि सायकलवाले तिला वळसा घालून जात होते.

मी नदीतल्या दगडांवरून पलीकडे निघाले होते, तेवढ्यात आभाळ काळवंडलं. लाल दिवे लुकलुकायला लागले, भोंगा वाजला, ध्वनिमुद्रित आवाज सूचना देऊ लागला. आयांनी पाण्यातली मुलं उचलली, एक जोडपं चटई गुंडाळून उतारावर गेलं. कुणी धावलं नाही. मी मात्र धावले! छपराखाली एक आजोबा शेंगा खात बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली आणि शेंगाही पुढे केल्या.

मग पाणी वाढायला लागलं. आधी दगड गेले, मग ज्या गवतावर ते जोडपं बसलं होतं ते गेलं. नदी पसरतच राहिली आणि कुणाचं काही बुडालं नाही, कारण तिथे बुडण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. कोरड्या दिवशी जे मैदान, तेच पावसात नदीचं पात्र. नाला असताना जास्तीत जास्त चोवीस-पंचवीस मीटर रुंदी होती. आता पाण्याला शंभर मीटरपर्यंत पसरता येतं. आजोबा म्हणाले, पूर्वी इथे कुंपण होतं, मुलांना नाल्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत.

आणि मला राग आला. मी कुर्ल्याची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या तळमजल्यावर छातीपर्यंत चढली. आईने गव्हाचा डबा आणि रेशनकार्ड पोटमाळ्यावर फेकलं, बाकी सगळं गेलं. नंतर मिठी रुंद केली, खोल केली, दोन्ही बाजूंना भिंती उभ्या केल्या. आता नदी दिसत नाही, वास येतो. आणि जोरदार पाऊस पडून मिठी भरली की क्रांतीनगरच्या लोकांना अजूनही घरं सोडून हलावं लागतं.

तुलना बरोबरीची नाही, हे मलाही कळतं. मिठीच्या तोंडाशी माहीमची भरती आहे, काठावर कारखाने आहेत, आणि कलांगच्या शेजारी बाग होती तशी मिठीच्या शेजारी माणसं आहेत. नदीला जागा द्या, हे छपराखाली शेंगा खात म्हणायला ठीक. ती जागा कुणाच्या घराखालची, हे कोण सांगणार?

पाणमांजरं दिसली नाहीत. तिथलं गाजलेलं कुटुंब २०१५मध्येच मरीना बेकडे गेलं, हे भावजयीने मी परत आल्यावर सांगितलं. त्यात ओल्या कपड्यांनी एसी बसमध्ये बसणं म्हणजे शिक्षा. कोरडा शर्ट घेऊन जा, छत्रीचा उपयोग शून्य.

रात्री जेवताना भावाशी यावरून जुंपली. "मग काय, तुमची बिल्डिंग पाडायची?" तो म्हणाला. बिल्डिंग कशाला? गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत मी फक्त आवारातले पेव्हर ब्लॉक थोडे काढून माती मोकळी ठेवू या म्हटलं होतं, पाणी मुरेल तरी. ठराव पडला. दोन गाड्यांची जागा जात होती.