जुनी मस्टँग घेताना आधी पत्रा पाहावा

माझा भाचा मिशिगनमध्ये असतो. १९६६ सालची फोर्ड मस्टँग घ्यायचे त्याच्या मनात आले, तेव्हा त्याने मला भुसावळला फोन केला. "मामा, इंजिनाचा आवाज फार भारदस्त आहे," हे त्याचे पहिलेच वाक्य. मी त्याला म्हटले, त्या गाडीत इंजिनाची काळजी सर्वांत शेवटी करावी. २८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.७ लिटरचे, आठ सिलिंडरचे ते ओतीव लोखंडी इंजिन साधे आणि दणकट आहे, आणि त्याचे सुटे भाग आजही नवे मिळतात.

खरी मेख पत्र्यात आहे. पुढच्या काचेखालच्या जाळीतून पावसाचे पाणी आणि केबिनची हवा एकाच पन्हळीत उतरतात. ती पन्हळ वेल्डिंगने बंद केलेली असल्याने आतून नीट साफ करता येत नाही की रंगवता येत नाही. पालाकचरा ओल धरून बसतो, पत्रा सडतो आणि पाणी पायांखालच्या फ्लोअरवर ठिबकू लागते. या गाडीला वेगळी चासी नाही, सारा भार पत्र्याचा सांगाडाच पेलतो. त्यामुळे फ्लोअर गेला की दुखणे वरवरचे राहत नाही. त्यातून मिशिगनात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने पत्रा आणखी गंजतो. आमच्या खानदेशात नेमके उलटे: वडिलांच्या जुन्या मोटारीचा पत्रा अखेरपर्यंत शाबूत राहिला, पण वैशाखातल्या उन्हाने होजपाइप आणि दारांची रबरे तडकत, आणि जळगावच्या वाटेवर पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबली की इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओले फडके ठेवावे लागे.

ब्रेकबद्दल मी आग्रहच धरला. १९६६ पर्यंतच्या मस्टँगचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबले की ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलणारा भाग, एकाच कप्प्याचा असे. एक पाइप फुटला तरी चारही चाकांचे ब्रेक जाऊ शकतात. १९६७ च्या मॉडेलपासून दोन कप्पे आले. गाडी घेतलीच तर पहिला खर्च तिथे करायचा, हे त्याच्याकडून कबूल करून घेतले.

गाडी पाहायला गेल्यावर मालकाच्या परवानगीने त्याने जाळीत मगभर पाणी ओतले आणि मोबाइल डॅशबोर्डखाली धरून मला दाखवले. चालकाच्या पायांपाशी थेंब पडू लागले. गालिचा उचलला, तर खाली पुट्टीचे थर होते आणि चुंबक तिथे चिकटेना. भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

आता त्याने ॲरिझोनातली सहा सिलिंडरची एक मस्टँग पक्की केली आहे. तिचा आवाज तितका भारदस्त नाही, पण त्या कोरड्या, तापलेल्या मुलखात पत्रा टिकला आहे. तिची कोणकोणती रबरे बदलायची, त्याची यादी मी सध्या करतो आहे.